तिथी, ओहोटी आणि वाळूचे बेट

नेसरीच्या शिवारात पडणारा पाऊस घटप्रभेच्या खोऱ्यातून कृष्णेला मिळतो आणि कृष्णेच्या सोबतीने कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश असा दूरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोचतो. वास्तविक अरबी समुद्र नेसरीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. मध्ये सह्याद्रीची धार उभी आहे, एवढेच कारण. सरसेनापती प्रतापराव गुजर यांच्या स्मारकामुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या या गावातील व्यापारी कुटुंबांचेही काहीसे त्या पाण्यासारखेच झाले आहे. खरेदीसाठी बेळगाव, कोल्हापूर, हुबळी; यात्रेसाठी श्रवणबेळगोळ, धर्मस्थळ; आणि समुद्र पाहायचाच झाला तर मोटारीतून दोन दिवसांचा गोवा. घाटाखालचा सिंधुदुर्गाचा किनारा इतका जवळ असूनही तो पायाखालून गेलेली माणसे थोडीच आढळतात.

अलीकडे मात्र घराघरांतील महाविद्यालयीन मुले पाठपिशवी घेऊन किनाऱ्याने चालत जाण्याची भाषा बोलू लागली आहेत. घरातील मोठ्यांचे उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘कुठेही जा, पण समुद्र नको.’ या उत्तरामागे भय आहे आणि ते निराधार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जणांचा अंत झाला. बेळगाव म्हणजे नेसरीकरांचे रोजचे जाण्यायेण्याचे गाव. त्या दिवसाची आठवण आजही अनेक घरांत मुलांना अडविते.

तथापि नकाराने भय संपत नाही. ते फक्त पुढे ढकलले जाते. घरून अडविलेला मुलगा पुढे पुण्या-मुंबईला शिकावयास गेला की मित्रांसमवेत समुद्रावर जातोच, आणि तेव्हा त्याला समुद्राची काहीच माहिती नसते. म्हणून प्रश्न जाऊ द्यावे की नाही हा नसून, काय शिकवून पाठवावे हा आहे. रेडीपासून मालवणपर्यंतचा साठ-सत्तर किलोमीटरचा किनारा आणि देवबागच्या मुखाशी असलेले वाळूचे बेट हे या शिक्षणाचे उत्तम ठिकाण आहे.

नेसरीहून आजरा, आंबोली, सावंतवाडी असा एस.टी.चा मार्ग आहे. आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हिरण्यकेशीचा उगम येथलाच. तीही घटप्रभेप्रमाणे पूर्वेकडे वळते आणि पुढे घटप्रभेलाच मिळते. घाटमाथ्यावरून चार पावले पश्चिमेला पडलेला थेंब मात्र थोड्याच अवधीत अरबी समुद्रात जातो. पश्चिमेच्या नद्या आखूड, उताराच्या आणि वेगवान. पावसाळ्यात त्या डोंगराची माती, रेती आणि गोटे खाली ओढून आणतात. किनाऱ्यावरची बरीचशी वाळू ही अशी सह्याद्रीने झिजून दिलेली आहे. प्रवाशाने घाट उतरतानाच ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढे वाळूचे बेट पाहताना त्याचा अर्थ लागतो.

पायी निघणाऱ्याने आधी ओझ्याचा विचार करावा. पाठीवरील भार शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा अधिक नसावा, हे अनुभवी लोकांचे माप आहे. साठ किलोच्या माणसाला सहा किलो. त्यात दोन लिटर पाणी धरले की उरतात चार. कपड्यांचे दोन जोड, एक चादर, टोपी, विजेरी, शिटी, नेहमीची औषधे, साखर-मिठाच्या पुड्या, पाणी गाळण्याचे फडके, आणि शिदोरीत खाकरे, चिवडा, शेंगदाणे व कोल्हापुरी गूळ. एवढ्यात पाच दिवस सुखाने जातात. दुकानात प्रत्येक वस्तू ‘असू द्यावी’ म्हणून ठेवण्याची सवय असलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हे कमी वाटते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आहे त्यातलेही काही कमी करता येईल का, असे पाहू लागतो.

दुसरा विचार वेळेचा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असतो आणि प्रवासी होड्या बंद असतात. पण महिना निवडून भागत नाही, तिथीही निवडावी लागते. समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते, आणि प्रत्येक दिवशी ती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास पाणी पुष्कळ चढते आणि पुष्कळ उतरते. ही उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो. ही भांगाची भरती. कोळ्यांना हे हिशेब पाठ असतात. इतरांसाठी किनाऱ्यावर एक जुना आडाखा प्रचलित आहे : तिथीला तीनने गुणावे आणि चारने भागावे, येईल तो आकडा भरतीच्या तासाचा. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळी व रात्री नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी.

हा आडाखा अंदाजाचा आहे, घड्याळाचा नव्हे. दक्षिणेकडील किनाऱ्यावर भरती मुंबईपेक्षा बहुधा आधी येते, म्हणून एका तासाचा फरक आपल्या विरुद्ध धरून चालावे आणि स्थानिक नाखव्याला विचारल्यावाचून पाण्यात पाऊल टाकू नये. तरीही प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर लटकणारी दिनदर्शिका समुद्राचे वेळापत्रकही सांगते, ही गोष्ट मुलांना ठाऊक असणे मोलाचे आहे. जी तिथी घरात उपवासासाठी आणि पर्वासाठी पाहिली जाते, तीच किनाऱ्यावर जिवाच्या रक्षणासाठी पाहावयाची असते.

या हिशेबाने पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या प्रतिपदेला चालणे सुरू केले, तर पुढील चार-पाच दिवस ओहोटी सकाळच्या प्रहरी मिळते. ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू टणक असते आणि तिच्यावरून तासाला तीन किलोमीटर सहज कापता येतात. कोरड्या, भुसभुशीत वाळूत तेच अंतर दुप्पट थकविते.

दक्षिण टोकाला रेडी. तेथील यशवंतगड झाडीत दडलेला आहे. रेडीहून उत्तरेकडे शिरोडे. येथील मिठागरे आजही चालतात आणि मे १९३० मध्ये येथेच मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत याच गावच्या शाळेत शिक्षक होते आणि नंतर घाट चढून कोल्हापूरला स्थायिक झाले. पुढे श्रीदेव वेतोबाचे आरवली, मग मोचेमाड. किनारा सलग नाही. मध्ये लहान खाड्या आहेत, कातळाची टोके समुद्रात घुसली आहेत. अशा जागी ओल्या खडकावरून साहस न करता गावातील रस्त्याने वळसा घ्यावा. चार किलोमीटर अधिक पडले तरी तो तोट्याचा व्यवहार नव्हे.

वेंगुर्ल्याचे नाव व्यापाऱ्याला परके वाटू नये. डचांनी १६३७ मध्ये येथे वखार घातली; तिच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. लोहमार्ग येण्यापूर्वी बेळगाव आणि घाटमाथ्यावरील मालाची ने-आण बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून याच बंदराकडे होत असे. मुरगाव बंदर रेल्वेने जोडले गेले आणि वेंगुर्ल्याची उतारपेठ ओसरली. बंदराचे वैभव मार्गावर अवलंबून असते आणि मार्ग बदलतात, हे येथे वाचून कळत नाही, दिसते. वेंगुर्ल्याने घाटावर आणखी एक देणगी धाडली आहे. येथील फळ संशोधन केंद्राने काढलेली ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ ही काजूची वाणे कोकणाबाहेरही पसरली. आजरा-चंदगड भागातील काजूच्या व्यापाराशी संबंध असलेल्या कुटुंबाने ते केंद्र बाहेरून का होईना, पाहून यावे.

वेंगुर्ल्याच्या उत्तरेस वायंगणीचा किनारा लागतो. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री वाळूवर येऊन अंडी घालतात. गावकरी त्या घरट्यांना जाळीचे कुंपण घालतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडली की समुद्राकडे जाऊ देतात. पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात, म्हणून रात्री किनाऱ्यावर विजेरी पाजळू नये, शेकोटी पेटवू नये, गाडी तर मुळीच आणू नये. शंख-शिंपले वेचतानाही आत जीव आहे का हे पाहावे. पुष्कळ शंखांत तो असतो. ओल्या वाळूवरच्या बारीक गोळ्यांची नक्षी म्हणजे खेकड्यांनी अन्न शोधून बाहेर टाकलेली वाळू होय. जपून चालणाऱ्या माणसाला या किनाऱ्यावर पावलोपावली वळसे घ्यावे लागतात.

केळूस, खवणे, श्रीरामवाडी ही गावे ओलांडली की निवतीचा किल्ला येतो. त्याच्या माथ्यावरून उत्तरेस भोगव्याची पांढरी पुळण आणि पश्चिमेस समुद्रातील खडकांची रांग दिसते. नकाशावर त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. तेथे दीपगृह आहे आणि पाकोळ्यांची वसाहतही. भोगव्याच्या टोकाशी पाऊलवाट संपते. समोर कर्ली नदीचे मुख, पलीकडे देवबाग, आणि मध्ये ते वाळूचे बेट.

या बेटाला सारे ‘त्सुनामी बेट’ म्हणतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आले, असे स्थानिक लोक सांगतात आणि त्यावरून हे नाव रूढ झाले. नावाचे मूळ काहीही असो, नदीच्या मुखाशी वाळूचे बांध उभे राहण्याची रीत जुनी आणि नित्याची आहे. पुराच्या पाण्याला वेग असतो तोवर ते रेती वाहून नेते. मुखाशी समुद्र अडवतो, वेग मोडतो आणि रेती खाली बसते. समोरून लाटा तिला आत ढकलतात, ओहोटीचा प्रवाह तिला बाहेर खेचतो. या दोन ओढींच्या मधल्या जागी वाळूचा ढीग साठतो. पावसाळ्यातील उंच लाटा किनाऱ्यावरची वाळू ओरबाडून पाण्याखाली नेतात आणि हिवाळ्यातील शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणून गेल्या वर्षी पाहिलेले बेट यंदा त्याच आकाराचे नसते. त्याचे टोक सरकते, पाठ रुंदावते किंवा बारीक होते.

होडीतून उतरून या बेटावर पाऊल ठेवले की प्रथम विस्तार जाणवतो. सकाळच्या ओहोटीत ते चांगले ऐसपैस असते. नदीकडील बाजूला पाणी उथळ, हिरवट आणि निश्चल. समुद्राकडील बाजूला लाटांची धडपड. बेटाला एक फेरी घालावयास फार वेळ लागत नाही. चालताना पायाखालच्या वाळूवर लाटेने उमटविलेल्या वळ्या दिसतात. त्यांचा उभा उतार ज्या बाजूला, त्या बाजूला पाणी वाहत गेले असे ओळखावे. दोन-तीन तासांनी भरती लागते आणि बेट कडांनी आत सरू लागते. ज्या जागी टोप्या आणि चपला काढून ठेवल्या, तेथे पाणी येते. होडीवाला निघा म्हणाला की निघावे; पाच मिनिटे अधिक मागू नयेत. येताना-जाताना जीवरक्षक जाकीट अंगावर असावे आणि होडीत माणसे मोजून बसावीत. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची नाव उलटून दोघांचा मृत्यू झाला, हे विसरता येत नाही.

पलीकडचे देवबाग हेही एका अर्थाने वाळूचेच बाळ आहे. एका अंगाला कर्ली, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, आणि मध्ये माडांनी भरलेली चिंचोळी पट्टी. किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या प्रवाहाने आणून घातलेल्या वाळूवर हे गाव उभे आहे. तेथील घरांच्या मागच्या दाराने समुद्र पावसाळ्यात आत येऊ पाहतो. गावकऱ्यांनी बंधाऱ्यांची मागणी केली, दगडांचे बंधारे झालेही. पण दगडावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उकरते आणि धूप बंधाऱ्याच्या टोकापलीकडे सरकते.

जमाखर्च मांडणाऱ्या वाचकाला येथे एक खाते सहज दिसेल. जमेच्या बाजूला नदीने आणलेली रेती. नावेच्या बाजूला लाटांनी नेलेली. पिढ्यान्‌पिढ्या हे खाते कमीअधिक जुळत आले. आता जमा घटू लागली आहे. धरणांच्या तळाशी रेती अडते, आणि नदीच्या व खाडीच्या पात्रांतून ती बांधकामासाठी उपसली जाते. ही रेती घाटावरच्या दुकानांच्या मजल्यांत, बंगल्यांत, गोदामांत येऊन पडते. मालाची पावती पाहिल्याखेरीज पोते न उतरविणारा व्यापारी वाळूचा ट्रक मात्र रात्री आला तरी ‘कोठून’ असे विचारीत नाही. वाळू उपसण्याचा परवाना आहे का, वाहतुकीचा पास आहे का, कारखान्यातील दगडाची कृत्रिम वाळू चालेल का, हे तीन प्रश्न घर बांधताना विचारले, तरी देवबागच्या एखाद्या मागच्या दाराला त्याचा आधार होईल. वाळूच्या बेटाची फेरी केवळ छायाचित्रांपुरती राहू नये, ती यासाठी.

देवबागहून तारकर्ली आणि तेथून वायरीचा किनारा मालवणपर्यंत जातो. पाणी नितळ, वाळू मऊ, दृश्य रमणीय. २०१७ ची दुर्घटना याच किनाऱ्यावर घडली. येथे मुलांना थांबवून एक गोष्ट दाखवावी. लाटा सर्वत्र फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत दिसतो. अनोळखी माणूस तेथेच उतरतो, कारण तेथे लाट नसते. वास्तविक किनाऱ्यावर चढलेले पाणी त्याच पट्ट्यातून समुद्राकडे परत जात असते आणि माणसाला ओढून नेते. त्या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. त्यात शक्ती संपते. अंग सैल सोडून तरंगावे, किनाऱ्याला समांतर बाजूला सरावे, आणि लाटा फुटत असतील तेथून परत यावे. काठावरच्याने एकामागून एक उडी घेऊ नये. दोर, रिकामा डबा, ओंडका असे तरंगणारे काही फेकावे आणि हाक मारावी. नदीच्या मुखाजवळ, ओहोटी चालू असताना आणि सूर्यास्तानंतर पाण्यात उतरूच नये. एवढे पाच मिनिटांत सांगून होते. 

मालवणला पोचल्यावर सिंधुदुर्ग पाहावा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. बेट खडकाचे आहे; पायाच्या दगडांत शिसे ओतले, असे सांगतात. साडेतीन शतके लाटा आपटूनही तट उभा आहे आणि चहूकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. आदल्या दिवशी वाळूचे बेट पाहिलेल्या माणसाला महाराजांची निवड येथे अधिक कळते. समुद्रात बेटे पुष्कळ, पण बांधण्याजोगे कोणते आणि नुसते पाहून परतण्याजोगे कोणते, हे आधी ओळखावे लागते. किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथील प्रवाळ जिवंत प्राणी आहेत आणि कायद्याने संरक्षित आहेत. आठवण म्हणून त्यांचा तुकडाही उचलू नये.

खाण्यापिण्याची चिंता फार करू नये. किनाऱ्यावरच्या घरगुती खानावळींत आदल्या दिवशी सांगितले तर घावणे, आंबोळ्या, ओल्या काजूची उसळ, भात, सोलकढी असे शाकाहारी जेवण मिळते. भांडी, मसाला आणि कांदा-लसणीविषयी आरंभीच नम्रपणे बोलून ठेवावे. यजमानाला त्यात अपमान वाटत नाही. डिसेंबरात येथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी चालणे चारला आटोपावे. दिवसभर चाललेल्या माणसाला साडेपाचला भूक लागलेलीच असते, आणि अंधारात अनोळखी वाळूवर फिरण्याचे त्याला कारण उरत नाही. घरचा नियम येथे प्रवासाच्या सोयीचाच ठरतो.

दिवाळीनंतर दुकानांची गर्दी ओसरते. त्या सुमारास एखाद्या घरात ‘समुद्रावर जाऊ का?’ असा प्रश्न निघाला, तर मोठ्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढावी आणि मुलाच्या हाती द्यावी. त्याने पौर्णिमा शोधावी, पुढच्या पाच तिथींना तीनने गुणून चारने भागावे, ओहोटीच्या वेळा एका कागदावर लिहाव्यात. शक्य असेल तर वडिलांनीच बरोबर निघावे. सहा किलो ओझे पन्नाशीच्या पाठीलाही जड नाही. हिशेब बरोबर आला की आजऱ्याची गाडी पकडावयास हरकत नाही.